खिशातला मिसकॉल

कोल्ड स्टोरेजचं दार बंद झालं तेव्हा आण्णा मगदूमांचा उजवा हात खिशात होता, आणि मी त्या खिशाकडे बघत होतो.

खरं तर मी बेदाण्याकडे बघायला हवं होतं. समोर छतापर्यंत बॉक्सच्या थप्प्या लागल्या होत्या. आण्णा मला हिरव्या आणि पिवळ्या बेदाण्यातला फरक समजावून सांगत होते आणि मी दर वाक्याला मान डोलावत होतो. पण लक्ष सगळं त्यांच्या नेहरू शर्टच्या खिशात. कारण माझं लग्न त्या खिशात होतं.

आण्णांची मुलगी सन्मती पुण्यात माझ्या शेजारच्या ऑफिसात नोकरीला होती. आमचं दोन वर्षांपासून जमलेलं होतं. पण मगदूमांच्या घरात लग्न जमत नाही, ते जमवावं लागतं. म्हणून आम्ही मिरजेच्या माझ्या मामाला मध्ये घालून तासगावला रीतसर स्थळ धाडलं. ऐन वेळी मामाची कंबर धरली, म्हणून मी एकटाच आलो. दुपारी बैठकीत मी सन्मतीला जन्मात पहिल्यांदा बघतोय असं बघितलं. तिनेही दोन वर्षं माझा बिनसाखरेचा चहा मागवत असून गंभीरपणे विचारलं, "साखर किती घेता तुम्ही?" मी घाबरून "दोन चमचे" म्हणालो. तिने दोन चमचे घातले. मी प्यायलो.

आदल्या दिवशी फोनवर तिने मला सगळं नीट सांगून ठेवलं होतं.

"जेवणाआधी बाबा तुला कोल्ड स्टोरेज दाखवायला नेतील. ठरतं ते तिथंच."

"काय ठरतं?"

"तू. ते खिशातल्या खिशात आईला मिसकॉल देतात. एक दिला तर मुलगा पसंत, आई पुऱ्या तळायला घेते. त्यावर दुसरा आला तर नापसंत. मग ड्रायव्हर भूपालकाका गाडी घेऊन परस्पर स्टोरेजवर जातात आणि मुलाला एसटी स्टँडवर सोडतात. घरी परत आणत नाहीत."

"आणि त्याची बॅग?"

"ती आधीपासून डिकीत असते."

माझ्या आधी आलेले सगळे बॅगेसह तासगाव स्टँडला गेले होते. एकाला तर आपण नापसंत झालोय हे मिरज गाठेपर्यंत कळलं नव्हतं.

"पण खिशात, न बघता, नंबर कसा लावतात?"

"म्हणून तर फोन बदलत नाहीत," सन्मती म्हणाली. "बटनांचा आहे. आईच्या नंबरचं एक बटन ठरलेलं आहे, दाबून धरलं की लागतो. त्यावर मी नेलपॉलिशचा ठिपका दिलाय, बोटाला उंचवटा लागावा म्हणून. आणि हे बघ, त्या फोनबद्दल तू एक शब्द बोलायचा नाहीस."

हे सांगण्याचं कारण माझी नोकरी. मी ज्या कंपनीत होतो ती टचस्क्रीनवरचा मराठी कीबोर्ड बनवायची. माणसाने पुढचा शब्द लिहायच्या आत तो त्याला सुचवायचा, हे माझं काम. बटनांचे फोन ही आमच्याकडे हसण्यावारी न्यायची गोष्ट होती. मी शब्द दिला की बोलणार नाही. आणि मग अर्थातच बोललो.

सुरुवात आण्णांनी केली, स्टोरेजच्या दारात. भिंतीवरच्या खुंटीला एक जाड जाकीट आणि कातडी हातमोजे होते. ते त्यांनी मला घालायला लावले आणि स्वतः पातळ नेहरू शर्टवर आत शिरले.

"आण्णा, तुम्हाला?"

"जाकीट एकच हाय. पाव्हण्याला असतंय ते. आपलं रोजचं येणं-जाणं." मग दोन पावलं आत जाऊन त्यांनी विचारलं, "काय करता म्हणाला तुम्ही?"

"कीबोर्ड बनवतो."

"ऑर्केस्ट्रातला?"

"नाही, मोबाइलमधला. काचेवर जी अक्षरं येतात, ती."

"म्हणजे नसलेली बटनं बनवता."

"तसं म्हणता येईल."

"आणि पगार देतात?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणालो, "आण्णा, काचेवर वेग वाढतो. आणि बटनांची अक्षरं झिजतात, तुमच्या फोनचीसुद्धा झिजली असतील."

त्यांनी खिशातून फोन काढून दाखवला. खाली बटनांच्या ओळी, वर चिमुकला पडदा. एके काळी बड्या साहेबांच्या हातात असायचा तसला. बटनांवरची अक्षरं खरोखरच पुसली होती. त्यात इंटरनेटही होतं म्हणे, पण आण्णांनी ते पाहुण्यांच्या न्हाणीघरासारखं कायमचं बंद ठेवलं होतं.

"बटन दाबलं की बोटाला कळतंय, दाबलं म्हणून," ते म्हणाले. "काचेवर काय कळतंय? दाबा, न दाबा, काच आपली गारच. आणि वेगाचं म्हणाल तर चुकीचं लवकर जाऊन काय करायचंय?"

मग फोन खिशात गेला. फोनबरोबर हात गेला. बेदाण्याचं व्याख्यान सुरू झालं आणि मी तो खिसा डोळ्यांत तेल घालून बघू लागलो. त्याच क्षणी मागे दार बंद झालं, आणि दिवाही गेला.

"भूपाल्या," आण्णा अंधारात शांतपणे म्हणाले. "दार उघडं दिसलं की लाव, दिवा घालव म्हणून मीच सांगितलंय. गारवा बाहेर जातोय, बिल वाढतंय."

"मग हाक मारू या."

"मारा. पण ही भिंत वीतभर जाड हाय."

मी हाक मारली. गादीत तोंड खुपसून ओरडल्यासारखा आवाज झाला. मी माझ्या फोनचा टॉर्च लावला. दाराला आतून उघडायची सोय होती, म्हणजे मूठ बसवायची जागा होती. मूठ नव्हती.

"आठवड्यामागं तुटली," आण्णा म्हणाले. "उद्या बसवणार होतो."

"मग भूपालकाका परत कधी येतील?"

"त्याला घरी थांबायला सांगितलंय. फोन आल्याशिवाय तो हलत नाही."

त्या दिवशी रविवार, हमाल नाहीत, पाखरू नाही. दाराच्या उजव्या कोपऱ्यात रेंजची एक काडी येते, असं आण्णा म्हणाले. तिथं जाऊन त्यांनी फोन काढला, न बघता बटन दाबून धरलं आणि कानाला लावला. टॉर्चच्या उजेडात मला त्यांचा चेहरा स्पष्ट दिसत होता.

"वाजली," ते म्हणाले. "एकदा वाजली आणि गेली."

त्यांनी फोन पुन्हा समोर धरला. अंगठा त्या बटनावर गेला आणि तिथंच वरच्या वर थांबला. चेहऱ्यावरचा रंग बदलला, थंडीने बदलतो त्याहून जरा वेगळा.

माझ्याही डोक्यात उजेड पडला होता. एकदा वाजून बंद. म्हणजे एक मिसकॉल. या घडीला एक किलोमीटरवरच्या स्वयंपाकघरात सन्मतीची आई, माई, कढईत तेल ओतत होत्या. मी पसंत पडलो होतो. नुसता पसंत नाही, सुटकेची हाक मारता मारता अपघाताने पसंत. आता पसंत पडलेल्या मुलाशी आण्णा बोलत बसलेत म्हटल्यावर घरचे कशाला येतील? उलट जेवढा उशीर तेवढी बोलणी चांगली चाललीत, असं समजतील. आणि आण्णांनी पुन्हा फोन लावला तर तो दुसरा. भूपालकाका गाडी घेऊन तडक येतील, दार उघडतील आणि मला स्टँडवर नेऊन सोडतील.

थोडक्यात, बाहेर निघालो तर लग्न नाही आणि लग्न हवं तर बाहेर निघायचं नाही. लग्नाबद्दल अनुभवी लोक साधारण असंच काहीतरी सांगतात, पण इतक्या लवकर हा अनुभव येईल असं मला वाटलं नव्हतं.

आण्णांनी फोन खिशात ठेवला. "बॅटरी जपायला पाहिजे," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो. "जपलेली बरी."

मग माझ्या फोनची परीक्षा सुरू झाली. आधी हातमोज्याने पडदा दाबला, त्याने ओळखच दाखवली नाही. हातमोजा काढला. बोट इतकं गार पडलं होतं की फोनला ते जिवंत माणसाचं वाटेना. अंगठ्याचा ठसाही त्याने नाकारला. बोटावर फुंकर मारली तर वाफ काचेवर बसून पाणी झालं आणि फोन आपणहून टाइप करू लागला. शेवटी पडदा शर्टला पुसून मी सन्मतीला, म्हणजे माझ्या फोनमध्ये 'विमा एजंट' या नावाने असलेल्या सन्मतीला, निरोप लिहायला घेतला. 'आम्ही' एवढं उमटलं. पुढचे शब्द माझ्याच कीबोर्डने सुचवले: पोचलो, जेवलो, मजेत.

"काय म्हणतोय?" आण्णांनी विचारलं.

"मजेत म्हणतोय."

"हुशार हाय."

मी 'अडकलो' लिहायला गेलो. 'अ' उमटला, त्यामागे पाण्याच्या थेंबाने आणखी सतरा 'अ' उमटवले आणि फोन बंद पडला. अर्धी बॅटरी शिल्लक होती, पण गारठ्याने तिने राम म्हटला. त्याबरोबर टॉर्चही गेला.

आता मिट्ट काळोख. फक्त मागच्या पंख्यांची घरघर. आम्ही चाचपडत दोन बॉक्सवर बसलो.

"भूक लागली असंल तुम्हाला," आण्णा म्हणाले.

"बेदाणे आहेत की."

"हे शेतकऱ्यांचं हाय. विश्वासानं ठेवलेलं. आपला माल पलीकडच्या थप्पीत, पार वरच्या थराला."

म्हणजे ट्रकच्या ट्रक बेदाण्यात बसून आम्ही उपाशी राहणार होतो. त्यात आम्ही दोघंही जैन. दिवस मावळल्यावर जेवण नाही. सूर्य बुडायच्या आत निघालो नाही तर माईंच्या पुऱ्या, तळल्या असल्या तर, सकाळपर्यंत बघतच बसायच्या.

"तुम्ही जाकीट घ्या," मी म्हणालो.

"पाव्हण्याला दिलेली वस्तू मागं घेत नसतात."

"मग अर्धा वेळ तुम्ही, अर्धा वेळ मी."

"जाकीट हाय ते, विहिरीचं पाणी न्हवं. पाळीनं वाटायला."

थोडा वेळ गेला. अंधारात आण्णांचे दात वाजायला लागले. ते ऐकू येऊ नयेत म्हणून ते बोलत राहिले. त्यांचे वडील बैलांचे व्यापारी होते. जत्रेच्या बाजारात सौदा करताना दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून किंमत सांगायचे. भोवती शंभर माणसं उभी, पण आकडा दोघांच्याच बोटांना माहीत.

"आमचा बा म्हणायचा, सौदा डोळ्यानं बघायचा न्हाई, बोटाला कळला पाहिजे. डोळा फसतोय. आणि बोट दाबलं की दाबलं. रुमालाखालचा सौदा परत फिरत न्हाई."

"कधीच?"

"एकदा फिरला. बैल मेला म्हणून. तवाबी अर्धा तोटा बानं सोसला."

मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं, की हा माणूस फोन लावत नव्हता. तो खिशात रुमाल टाकून सौदा करत होता. आणि एक बोट चुकून आधीच दाबलं गेलं होतं.

पंखे घरघरत राहिले. मी उठून जागच्या जागी पाय आपटले. पायांची जाणीव कमी होत चालली होती, आणि मला तर जाकीट होतं. पलीकडून आण्णांचा श्वास तुटक यायला लागला.

"पाव्हणं," ते म्हणाले. "एक इचारू?"

"विचारा की."

"आपण अडकलोय. माझ्याकडं चालू फोन हाय. कोपऱ्यात रेंज हाय. एकदा घंटी वाजली, ते तुमच्यासमोर. मग मी फोन खिशात घातला, आणि तुम्ही परत लावा म्हणाला न्हाई."

मी जाकिटाची कॉलर वर ओढली.

"दुसरा कोण असता तर हिसकावून घेतला असता फोन. दहा वेळा लावला असता. तुम्ही काय म्हणाला? जपलेली बरी."

"मला वाटलं खरंच बॅटरी..."

"या फोनची बॅटरी चार दिवस जाती. आणि तुम्ही फोनच्याच धंद्यातलं."

बाहेर बहुधा उन्हं कलली असतील. आत काहीच कलत नव्हतं. पळायला जागा नव्हती, विषय बदलायला माणूस नव्हता आणि तोंड लपवायची गरज नव्हती, कारण दिसतच नव्हतं. मी आयुष्यात इतका सगळीकडून कधी सापडलो नव्हतो.

"एक म्हणजे पुऱ्या," मी म्हणालो. "दोन म्हणजे स्टँड. मला माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"सन्मतीनं."

"कवापासून ओळख?"

"दोन वर्षं झाली."

पलीकडे आण्णांच्या खालचा पुठ्ठा करकरला. मग त्यांनी जे विचारलं ते मी अपेक्षिलेल्या प्रश्नांच्या यादीत कुठंच नव्हतं.

"आणि चहात साखर दोन चमचे घेतोस?"

"नाही. मी साखर घेतच नाही."

"मग प्यालास का?"

"तिनं घातली होती."

आण्णांनी 'हं' केलं. त्या 'हं'चा अर्थ माझ्या कीबोर्डलाही सुचला नसता. मला 'पाव्हणं, तुम्ही'वरून 'तू'वर आणलं होतं एवढंच कळलं. ते जवळ घेतल्याने आणलं की लायकी कळल्याने, हे कळायला अंधारात काही साधन नव्हतं.

मग खिशाची सळसळ झाली. फोनचा हिरवट उजेड क्षणभर पडला आणि त्यात मला आण्णा दिसले. ओठ निळसर, खांदे वर चढलेले. ते उठून कोपऱ्याकडे गेले. मी श्वास रोखून टक असा आवाज यायची वाट बघत राहिलो. ती बटनं दाबताना तसा आवाज होतो, हे मघाशी ऐकलं होतं. आवाज येत नव्हता. नुसतं प्लॅस्टिकवर बोट घासल्याचं ऐकू येत होतं, पुन्हा पुन्हा.

"कळंना," आण्णा म्हणाले.

"काय?"

"बोटाला काय कळंना. ठिपका कुठं हाय ते." त्यांचा आवाज आपल्याच घराचं दार न सापडणाऱ्या माणसासारखा होता. "बधिर झाल्यात सगळी. हे घे. तूच दाब."

फोन माझ्या हातमोज्यात आला. "तूच दाब" म्हणजे काय, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. दुसरा मिसकॉल. भूपालकाका, गाडी, स्टँड, डिकीतली बॅग. पुढच्या रविवारी दुसरा कुणीतरी हे जाकीट घालून इथं बेदाण्याकडे बघत उभा राहणार.

"आण्णा, अजून थोडी वाट बघू. माई काळजीनं कुणाला तरी पाठवतील."

"बघू की," ते म्हणाले. बोलताना शब्द चघळल्यासारखे येत होते. "मला काय घाई न्हाई."

आणि ते खाली बसले. बसले म्हणजे बॉक्सचा आधार घेत हळूहळू उतरले. मी हात लावून बघितला. त्यांचा दंड शर्टातून लाकडासारखा लागत होता.

मी दातांनी हातमोजा ओढून काढला. बटनांवरून अंगठा फिरवला. सगळी बटनं सारखीच, गुळगुळीत, अक्षरं झिजलेली. मग एका बटनावर बारीक उंचवटा लागला. तो नेलपॉलिशचा ठिपका होता. रंग मला अंधारातही माहीत होता, डाळिंबी. ती बाटली मीच आणली होती, रंग चुकला म्हणून तिने महिनाभर चेष्टा केली होती आणि तरीही संपेपर्यंत वापरली होती.

माझी सबंध नोकरी काचेवर गेली होती. काचेवर काहीही लिहा, पुसता येतं. पाठवलेलंही मागे घेता येतं, त्याची सोय आमच्याच बाजूच्या टीमने केली होती. इथं मात्र बटन होतं. ते आत जाणार, आवाज होणार आणि दोघांना कळणार.

मी ते दाबून धरलं.

टक.

"दाबलंस?"

"दाबलं."

"ऐकलं मी," आण्णा म्हणाले.

मी जाकीट काढलं आणि त्यांच्या खांद्यावर टाकलं. या वेळी ते काही म्हणाले नाहीत. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. मी आता पाहुणा नव्हतो. मग मी त्यांचे दोन्ही हात माझ्या हातांत घेऊन चोळत बसलो. एकदा मला वाटलं, त्यांनी माझं एक बोट दाबलं. पण बैलाच्या बाजाराची ती भाषा मला येत नव्हती, आणि माझी बोटंही तोवर भरवशाची राहिली नव्हती.

गाडी यायला वेळ लागला. मध्ये आण्णा म्हणाले, "भूपाल्या आज चाक बदलत बसलाय काय?" आणि थोड्या वेळाने दाराचा अडसर खडखडला. दिवा लागला. भूपालकाका दारात उभे, मागे लालसर ऊन.

"आण्णा," ते म्हणाले, "तुम्ही आतच हाय? मी म्हटलं मळ्याकडं गेला असाल बोलत बोलत. दार कुणी लावलं?"

"तू," आण्णा म्हणाले.

भूपालकाकांनी यावर विचार केला आणि मान डोलावली.

मी बाहेर आलो. एप्रिलचं ऊन अंगावर आलं, तेव्हा मला ते चक्क आवडलं. मी सरळ गाडीच्या डिकीपाशी जाऊन उभा राहिलो.

"स्टँडवरच जायचंय ना?" मी विचारलं. "मिरजेची गाडी असेल ना आता?"

"स्टँडवर?" भूपालकाका माझ्याकडे बघत राहिले. "माईंनी जेवायला बोलवून आणायला धाडलंय. दिवस बुडायला आला, आता न्हाई जेवला तर रात्रभर उपाशी."

"पण फोन?"

"कुठला फोन?"

"दोन मिसकॉल. पहिला आणि दुसरा."

"एकबी न्हाई," भूपालकाका म्हणाले. "म्हणून तर सगळा घोळ. माई कढईखालचा गॅस पेटवत्यात आणि बंद करत्यात. पेटवत्यात आणि बंद करत्यात. मला म्हणाल्या, आण्णांचं आज ठरंना. इतका वेळ कुणाला लागला न्हवता."

मी आण्णांकडे बघितलं. आण्णा गाडीच्या बॉनेटपाशी उभे होते. उन्हात तापलेल्या पत्र्यावर त्यांनी दोन्ही तळवे पसरून ठेवले होते आणि डोळे मिटले होते. अंगावर माझं जाकीट होतं. म्हणजे त्यांचंच.

पहिला आण्णांच्या कानात वाजला होता, पण घरापर्यंत गेला नव्हता. दुसराही गेला नव्हता. आत जे काही झालं ते आमच्या दोघांतच झालं होतं. त्यांनी जपून ठेवलेला मिसकॉल कुठंच पोचला नव्हता, आणि मी केलेल्या त्यागाला रेंज नव्हती.

आण्णांनी तळवे उचलले, बोटं एकेक करून मिटली, उघडली. मग माझ्यापुढे हात केला. मी फोन दिला. त्यांनी तो जाकिटाखालून नेहरू शर्टच्या खिशात सरकवला आणि दुसरीकडे, द्राक्षाच्या मळ्याकडे बघत उभे राहिले. हात खिशातच.

टक.

कापडाच्या आतून आला, पण मला स्वच्छ ऐकू आला. मी जागचा हललो नाही. भूपालकाका गाडीत बसले आणि त्यांनी इंजिन सुरू केलं.

"भूपालकाका," मी म्हणालो, "गाडी जरा बंद करता का?"

"का?"

"एक मिनिट. फक्त."

त्यांनी बंद केली. मळ्यात कुठंतरी पाण्याची मोटार चालू होती. एक कावळा ओरडला आणि मी मनातल्या मनात त्याला शिवी दिली. आण्णांचा हात अजून खिशातच होता.

"काय ऐकतोस?" आण्णांनी विचारलं.

"काही नाही."

"मग बस की गाडीत. पुऱ्या गार होतील."

घरी पोचलो तेव्हा कढईखालचा गॅस पेटलेला होता आणि या वेळी तो बंद केला नव्हता. भूपालकाकांनी माझी बॅग डिकीतून काढून ओसरीवर ठेवली. माई म्हणाल्या की या गाडीतून बॅग पहिल्यांदाच उतरली. आम्ही सूर्य बुडायच्या आत जेवलो. लगेच, उजेड असतानाच, सन्मतीने चहा आणला, तेव्हा आण्णाच म्हणाले, "त्याला साखर घालू नको. घेत न्हाई तो." तिने आधी माझ्याकडे बघितलं, मग आण्णांकडे, आणि कपबशी ठेवताना चहा बशीत सांडला.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी ती नोकरी सोडली. आण्णांना आम्ही मोठ्या काचेचा फोन घेऊन दिला, त्यावर ते प्रवचनं बघतात. बटनांच्या फोनला आता कुठलंच नेटवर्क चालत नाही. पण तो त्यांच्या उजव्या खिशात असतोच. बैठकीत मी जरा जास्त बोलायला लागलो, की त्यांचा हात खिशात जातो आणि आतून आवाज येतो. टक.

मग मी बोलणं थांबवतो आणि पुढचा आवाज येतोय का, ते ऐकत राहतो.